दोन मावश्या

‘जगात भारी कोल्हापुरी’ हे एकदा मोठ्यानं म्हणा. मग ‘जगायचं कसं’ असं म्हणा. दोन्हींत ‘जग’ आहे, लिहायला अगदी सारखं. पण पहिल्या ‘ज’ला जीभ टाळूला लागते आणि दुसऱ्याला दातांच्या मागे. ‘जरा थांब’मधला ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाचा ‘जरा’ यांचंही तेच. ‘चहा’चा ‘च’ वेगळा, ‘चाक’चा वेगळा. व्याकरणात या आवाजांना तालव्य आणि दंततालव्य अशी नावं आहेत, पण आपल्या रोजच्या लिखाणात त्यांच्यासाठी वेगळी अक्षरं नाहीत. तरीही मराठी घरात वाढलेलं शाळेत जायच्या वयाचं पोर ‘चाक’ म्हणताना अडखळत नाही. त्याला हे कुणी शिकवलेलं नसतं. ज्यांच्याकडून ते शिकलं, त्यांच्यापैकी बहुतेकांना आपण असे दोन वेगळे आवाज काढतो हेच ठाऊक नसतं.

म्हणजे एक गोष्ट कुणी शिकवली नाही, कुठं लिहून ठेवली नाही, देणाऱ्याला आपण काही देतोय याचा पत्ता नव्हता, आणि तरी ती एका पिढीकडून दुसरीकडे जशीच्या तशी पोचली. हे नवल आहेच. पण त्यातून एक अवघड प्रश्नही निघतो. याच वाटेनं आणखी काय काय पोचतं? आणि आपल्या नकळत आपण जे देतो, त्याची जबाबदारी आपल्यावर येते का?

आधी हे काम चालतं कसं, ते बघू.

लिहिताना आपण दोन शब्दांमध्ये जागा सोडतो. बोलताना सोडत नाही. ‘गरम भाकरी खा की’ हे बाळाच्या कानावर ‘गरमभाकरीखाकी’ असं एकसलग आदळतं. परक्या भाषेतली माणसं फार भराभर बोलतात असं आपल्याला वाटतं, त्याचं एक कारण हेच. शब्दांच्या कडा आपल्याला सापडत नाहीत. मग ज्याला एकही भाषा येत नाही, त्या बाळाला त्या सापडतात कशा?

१९९६ साली जेनी सॅफ्रन, रिचर्ड ॲस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट या अमेरिकेतल्या संशोधकांनी आठ महिन्यांच्या बाळांना फक्त दोन मिनिटं एक आवाज ऐकवला. यंत्रातून काढलेला, चढउतार नसलेला, मध्ये कुठंही न थांबणारा. त्यात तीन-तीन अक्षरांचे चार बनावट शब्द उलटसुलट क्रमानं गुंफलेले होते. दोन मिनिटांनंतर हे बनावट शब्द आणि एका शब्दाचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडाला जोडून झालेले तुकडे, यांतला फरक बाळांना ओळखू येत होता. धरायला त्यांच्याकडे एकच दोरा होता. कुठल्या अक्षरामागून कुठलं अक्षर किती वेळा येतं, एवढाच. ‘भा’, मग ‘क’, मग ‘री’ हे पुन्हा पुन्हा येतं. ‘री’नंतर मात्र काहीही येऊ शकतं. खा, दे, थाप, करपली. पुढचा अंदाज जिथं डळमळतो, तिथं शब्द संपलेला असतो.

थोडक्यात, बाळ मोजत असतं. त्याला आकडे येत नाहीत आणि आपण मोजतोय हेही त्याला माहीत नसतं. तरी हिशोब चालू असतो.

या हिशोबाला घाईही असते. ‘ताट’ या आपल्या साध्या शब्दात ‘त’ आणि ‘ट’ शेजारी बसलेत. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसाला हा फरक ऐकू येणं जड जातं. १९८४ साली कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी हिंदीतले असे आवाज इंग्रजी घरातल्या बाळांना ऐकवून पाहिले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो कळेनासा झाला होता. घरात ज्याचा उपयोग नाही ते कान सोडून देतो, आणि ज्याचा उपयोग आहे त्यात पक्का होतो. पहिल्या वाढदिवसाचा केक कापेपर्यंत कानानं आपली बाजू बऱ्यापैकी निवडलेली असते. ज्याची निवड झाली, त्याला कुणी विचारलेलं नसतं.

हे वाचून वाटेल की बाळ म्हणजे एक छोटं रेकॉर्डिंग मशीन आहे, समोर काहीही लावा, ते टिपून घेईल. तसं होत नाही. २००३ साली पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा बैठकांमध्ये चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारं माणूस प्रत्यक्ष बसून खेळत होतं, पुस्तकं दाखवत होतं. काहींना तेच पडद्यावर दाखवलं, काहींना नुसता आवाज ऐकवला. समोर माणूस होतं त्या बाळांनी चिनी आवाजातले बारकावे धरले. पडद्यावाली आणि आवाजवाली बाळं कोरडीच राहिली. मोजणी होते ती माणसाच्या सोबतीनं.

मग ते माणूस बाळाशीच बोलत असलं पाहिजे का? तसंही नाही. नमीरा अख्तर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की दोन वर्षांची मुलं दोन मोठ्या माणसांचं आपसातलं बोलणं बाजूला बसून ऐकतात आणि त्यातूनही नवा शब्द शिकतात. ‘तो खेळतोय, त्याला काय कळतंय’ हे आपलं आवडतं वाक्य इथं निकालात निघतं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शब्द कळणं म्हणजे नुसता त्याचा आवाज कळणं नव्हे. तो कोण म्हणतं, कुणाला म्हणतं, कुठल्या सुरात म्हणतं, म्हणताना उठून उभं राहतं की मोबाइलमधून मानही वर करत नाही, हे सगळं शब्दाला चिकटून येतं. आणि मराठीत हे ‘कोण कुणाला’ टाळताच येत नाही. साधं जवळ बोलवायचं तरी आधी समोरच्याची पायरी ठरवावी लागते. ये की या? तू की तुम्ही? अरे, अगं की अहो? इंग्रजीत एका ‘यू’वर भागतं. मराठी शिकणाऱ्या पोराला मात्र घरातल्या, गल्लीतल्या प्रत्येक माणसाची पायरी पाठ करावी लागते.

ही यादी त्याला कोण देतं? तोंडानं आपण एकच नियम सांगतो, मोठ्या माणसांना अहो म्हणावं. शाळेत रोज म्हटल्या जाणाऱ्या प्रतिज्ञेतही वडीलधाऱ्यांचा मान आणि सगळ्यांशी सौजन्य आहे. पण पोर नियम ऐकत बसत नाही, ते मोजतं. आई बाबांना ‘अहो’ म्हणते, बाबा आईला ‘अगं’ म्हणतात. परवाच पास झालेल्या तरुण डॉक्टरला आजोबाही ‘या डॉक्टर’ म्हणतात. अपार्टमेंटच्या चेअरमनना ‘या’, साठीच्या वॉचमनला ‘ये रे इकडं’. भांडी घासायला येणाऱ्या बाई आजीच्या वयाच्या असतात, पण त्यांना हाक नावानं आणि ‘तू’. या सगळ्याची सरासरी काढली तर ‘मोठ्यांना अहो’ हा नियम निघत नाही. वेगळाच नियम निघतो, आणि पोराला तोच कळतो. प्रतिज्ञेतली वडीलधारी माणसं कोण, हे त्याला बरोबर समजलेलं असतं.

इथं कोल्हापूरचा माणूस हात वर करेल. आमच्याकडं ‘ए भावा’ म्हणजे प्रेम असतं म्हणेल. खरंच आहे. तालमीतल्या पोरांत, कट्ट्यावर, रंकाळ्यावर चालताना कुणी कुणाला ‘अहो’ म्हणायला लागला तर बिनसलंय असं समजावं. इथल्या अरे-तुरेत जी ऊब आहे ती भल्याभल्या आदरार्थी बहुवचनात सापडत नाही.

म्हणूनच शब्दाला दोष देऊन भागत नाही, तो कुठल्या दिशेनं जातो ते पाहावं लागतं. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली युरोपातल्या भाषांमधल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांवर एक निबंध लिहिला, तो आजही वाचला जातो. त्यांचं म्हणणं साधं होतं. दोघंही एकमेकांना ‘तू’ म्हणत असतील तर ती जवळीक. एक ‘तू’ म्हणतो आणि दुसऱ्यानं ‘तुम्ही’च म्हणायचं असेल तर ती सत्ता. ‘ए भावा’ला ‘काय रे भावा’ असं उत्तर येतं. ‘ए, इकडं ये’ला मात्र ‘आलो साहेब’ असं उत्तर येतं. ‘ए’ दोन्हीकडे तोच. पोराचा कान ही दिशाही मोजतो.

यावर शहरातल्या घरांनी एक तोडगा काढलाय. नावानं हाक मारणं बरं दिसत नाही म्हणून आपण नाती वाटली. घरकाम करणाऱ्या बाई मावशी झाल्या, ऑफिसातले शिपाई मामा झाले, रिक्षावाले काका झाले. हे आधीपेक्षा बरं आहे, यात शंका नाही. पण लहान मुलाच्या जागी बसून ‘मावशी’ हा शब्द पुन्हा एकदा शिकून बघा.

एक मावशी दिवाळीत येते. ती सोफ्यावर बसते. तिला चहा ट्रेमधून येतो. तिला वाकून नमस्कार करायचा असतो. ती निघाली की सगळे दारापर्यंत जातात. दुसरी मावशी रोज येते. तीही चहा घेते, पण तिचा कप ओट्याच्या खाली वेगळा ठेवलेला असतो. ती स्वयंपाकघराच्या दाराशी जमिनीवर बसते. ती आजारी पडली तर घरात चिडचिड होते. ती गेल्यावर तिच्याबद्दल जे बोलतात, ते ती असताना बोलत नाहीत. मुलाला काही महिन्यांत कळतं की हे दोन शब्द आहेत. अक्षरं तीच, आवाजही जवळपास तोच, पण एकात नातं आहे आणि दुसऱ्यात काम. शब्दकोशात यांची वेगळी नोंद नाही, जशी लिपीत दोन ‘ज’ची नाही. पण कानाला फरक पक्का ठाऊक असतो. पुढं वीस वर्षांनी हाच मुलगा म्हणेल, ‘आमच्या घरी भेदभाव नव्हता हो, आम्ही तर मावशी म्हणायचो.’ तो खोटं बोलत नसेल. त्याला स्वतःचे दोन ‘ज’ ऐकू येत नसतात, तसंच हे.

मोठी माणसं मुलांची भाषा सुधारतच नाहीत असं नाही. फार हौसेनं सुधारतात, पण काय सुधारतात ते बघण्यासारखं आहे. कोल्हापूर भागात बाया-मुली ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ असं सर्रास म्हणतात. बाई स्वतःबद्दल बोलताना पुरुषासारखं क्रियापद वापरते, आणि त्यात कुणाचंही काही बिघडत नाही. हे रूप मुली कानानंच उचलतात, आईकडून, आजीकडून. शाळेत गेल्यावर ते ‘अशुद्ध’ ठरतं. पुण्या-मुंबईला शिकायला गेल्यावर त्याचं हसू होतं. मुलगी चार-सहा महिन्यांत ‘मी आले’ म्हणायला शिकते आणि गावाकडं फोनवर बोलताना पुन्हा ‘आलो’ म्हणते. ज्या व्याकरणानं कुणाला इजा होत नाही, ते दुरुस्त करायला आपण एवढी ताकद लावतो. साठीच्या माणसाला सहा वर्षांचं पोर ‘ए’ म्हणतं तेव्हा मात्र लाल पेन खिशातच राहतं, कारण ते वाक्य शुद्ध आहे. कर्ता, कर्म, क्रियापद सगळं जागच्या जागी आहे.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. २०१६ साली तोल्गा बोलुकबाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बातम्यांच्या मजकुरावर शिकवलेलं एक मॉडेल तपासलं. कुठला शब्द कुणाच्या शेजारी किती वेळा येतो, एवढंच ते मॉडेल मोजत होतं. पुरुषाला प्रोग्रॅमर, तर बाईला काय, असं विचारल्यावर त्यानं गृहिणी असं उत्तर दिलं. कुणीही ते त्यात मुद्दाम घातलेलं नव्हतं. बातम्यांमध्ये जे होतं ते त्यानं उचललं. तेव्हापासून आमच्या धंद्यात डेटा कुठून आला, त्यात काय मुरलंय, यावर मीटिंगा झडतात, आणि त्या झडाव्यातच. पण संध्याकाळी घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर जो डेटा तयार होतो, त्यावर कुणी मीटिंग बोलवत नाही. मशीनला निदान पुन्हा पहिल्यापासून शिकवता येतं. पोराचं पहिलं वर्ष परत येत नाही.

आता जबाबदारीचं काय? एक उत्तर असं की आम्हीही हे कानानंच शिकलो, आम्हाला कुणी विचारलं होतं, मग दोष आमचा कसा? या म्हणण्यात तथ्य आहे. आठ महिन्यांच्या वयात मिळालेल्या गोष्टीबद्दल कुणाला पिंजऱ्यात उभं करणं अन्यायाचं होईल.

पण दोष आणि जबाबदारी या वेगळ्या गोष्टी आहेत. शेतकऱ्याच्या घरात हे लगेच कळेल. बापाची जमीन वारसानं नावावर लागते तेव्हा सातबाऱ्यावरचा बोजाही सोबत येतो. ते कर्ज तुम्ही काढलेलं नसतं. पण बोजा नाहीच असं दाखवून ती जमीन पुढच्याच्या गळ्यात घालता येत नाही. भाषा अशीच वारसानं येते. तिच्यात ओव्या असतात, म्हणी असतात, ‘भावा’ असतो आणि बोजाही असतो. बाळाला उतारा वाचता येत नाही. मोठ्या माणसाला येतो. स्वतःचं बोलणं स्वतः ऐकणं, हे मोठ्या माणसाला जमतं आणि बाळाला जमत नाही. जबाबदारी सुरू होते ती तिथून.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. शब्द बदलून काय होतं? ‘अहो मावशी’ म्हणायचं आणि पगार तोच द्यायचा, सुट्टी कापून घ्यायची, तर ते नुसतं गोड बोलणं झालं. हे मान्यच करावं लागेल. उलट, आतापर्यंत जे पाहिलं त्यातून हेच निघतं. ज्या पोराला दोन मावश्या वेगळ्या ओळखता येतात, त्याला नाटकातलं ‘अहो’ही ओळखता येईल. ते शब्दाबरोबर कप मोजतं, बसायची जागा मोजतं, दार लावल्यानंतरचं बोलणं मोजतं. म्हणजे शब्द सुधारायचे तर शब्दाभोवतीचं वागणं सुधारावं लागतं. हे महाग पडतं. पण स्वस्तात होणारं काही असतं, तर मूल्यशिक्षणाच्या तासांनीच ते कधीचं झालं असतं. हजार वेळा ऐकलेल्या ‘ए’समोर एका तासाच्या गोष्टीचं वजन किती पडणार?

मग मोठ्यांचं काय, ते बदलू शकतात का? कानाची पहिली निवड लवकर होते, पण शब्द शिकणं तिथं थांबत नाही. निकोलस ड्युमे आणि गॅरेथ गॅस्केल यांनी २००७ मध्ये मोठ्या माणसांना काही बनावट शब्द शिकवून पाहिलं. शब्द लक्षात राहणं लगेच झालं. पण ते डोक्यातल्या जुन्या शब्दांच्या रांगेत बसून त्यांच्याशी चढाओढ करू लागले, ते मध्ये एक झोप झाल्यावर. मोठ्या वयातही नव्या शब्दाला जागा मिळते. फक्त तो बाहेरून आत यायला थोडा वेळ लागतो.

आणि अख्ख्या समाजानं असं करून दाखवल्याचं उदाहरण आपल्याच मातीत आहे. पूर्वी महार समाजातल्या माणसानं वरच्या मानलेल्या जातींपुढं ‘जोहार’ घालायचा, असा रिवाज होता. त्या शब्दाची दिशा ठरलेली होती, खालून वर. कोल्हापूरपासून जवळच्या माणगावात २१ आणि २२ मार्च १९२० रोजी बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. डॉ. आंबेडकर तिचे अध्यक्ष होते आणि शाहू महाराज स्वतः हजर होते. पुढच्या काही दशकांत आंबेडकरी चळवळीनं जोहार टाकला आणि ‘जय भीम’ आणला. त्या दोन शब्दांतला फरक नीट ऐकण्यासारखा आहे. ‘जय भीम’ला ‘जय भीम’ असंच उत्तर येतं. वयानं लहान असो की मोठा, कलेक्टर असो की मजूर, शब्द तोच आणि दोन्हीकडून. ज्या मोठ्यांनी तो पहिल्यांदा उच्चारला त्यांच्या कानात लहानपणापासून जोहार भरलेला होता. त्यांनी आपला कान विसरून नवा शब्द तोंडात बसवला. त्यांच्या पोरांना मात्र तो शिकावा लागला नाही. त्यांनी तो कानानं उचलला, दोन ‘ज’ उचलावेत तसा.

याचा अर्थ घराघरात पहारा बसवावा असा नाही. एखादा शब्द तोंडातून निसटला म्हणून पोर बिघडत नाही. हिशोब एकाच आकड्यावर ठरत नसतो. तोच आपल्यालाही दिलासा आहे.

दारावरची बेल वाजते. आतून कुणीतरी विचारतं, ‘कोण आलंय?’ दार उघडणारा सांगतो, ‘कोण नाही, कचरेवाला आलाय.’ कचरा आपला असतो, पण नाव त्याला लागतं. आणि ‘कोण नाही’ हे तर आपल्याला ऐकूही येत नाही. आत फरशीवर एक पोर गाडी फिरवत बसलेलं असतं. तोंडानं गाडीचा आवाज काढत असतं. त्याचं आपल्याकडं लक्ष नाही असं आपल्याला वाटतं.